नऊवारीतले पाच वार

आमच्या गॅलरीत एक बाबागाडी उभी आहे. चार चाकांची, वर छत्री, खाली सामानासाठी जाळीची पिशवी, आणि एका हाताने मिटते असे खोक्यावर छापलेली. नातीच्या बारशाला चिरंजीवांच्या ऑफिसातल्या मंडळींनी वर्गणी काढून ती दिली. पहिल्या महिन्यात ती दोनदा जिना उतरली आणि दोनदा चढली. सध्या तिच्यात कांदे असतात, आणि ऊन असेल त्या दिवशी छत्रीवर आमची सौ. सांडगे वाळत घालते.

देणाऱ्यांचा यात काही दोष नाही. ते राहतात तिथे रस्त्याला कडेला पदपथ असतात. आमच्या कळव्याचा घाटच वेगळा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आणि मधून रेल्वे. १८५३ साली ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणकडे गेली, आणि तेव्हापासून इथल्या माणसाला या अंगाचे त्या अंगाला जायचे तर कुठला तरी पूल चढावाच लागतो. पदपथ जिथे आहे तिथे त्यावर भाजी आहे, भाजी नाही तिथे स्कूटर आहे, आणि दोन्ही नाहीत तिथे गटाराचे झाकण अर्धे उघडे आहे. अशा ठिकाणी बाबागाडी ढकलायची म्हणजे बाळाला दर दहा पावलांवर उचलून घ्यायचे आणि वर गाडीही उचलायची. त्यापेक्षा नुसते बाळ उचललेले बरे, या निष्कर्षाला मी दुसऱ्याच फेरीत आलो.

आता उचलायचे, पण कसे? वाचकांना वाटेल, हा काय प्रश्न झाला? मूल कडेवर घ्यायचे आणि चालू लागायचे. आपल्या आयांनी आणि आज्यांनी हेच केले. मलाही तसेच वाटत होते. चाळिशीच्या आतबाहेरचे तरुण आईबाप मोबाईलवर तासतासभर ‘कॅरिअर’ बघत बसतात, समोरून की पाठीवरून, बकलाचे की गाठीचे, यावर खल करतात, तेव्हा मी मनातल्या मनात हसत असे. नात आल्यावर मात्र हसू आवरले, आणि त्याला कारण घडले.

आमची नात पायाळू. म्हणजे पायाकडून आलेली. पायाळू माणसाने लाथ मारली की पाठीतली उसण जाते आणि पायाळू माणसावर वीज पडते, एवढेच ज्ञान मला होते. त्यातली पहिली गोष्ट ऐकून आमच्या मजल्यावरचे दोघे जण बाळाची लाथ खायला येऊनही गेले. डॉक्टरांचे ज्ञान निराळे निघाले. पहिली खेप, मुलगी आणि पायाळू, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की खुब्याचा सांधा नीट बसला आहे ना, हे बघावे लागते म्हणाले. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. डावा खुबा थोडा कच्चा निघाला. खुब्याची वाटी अजून पुरेशी खोल झालेली नाही, उपचार आज नको, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू, पण तोपर्यंत हिला कसे गुंडाळता आणि कसे उचलता याकडे लक्ष द्या, असे बजावून त्यांनी आम्हाला घरी पाठवले.

ते सहा आठवडे घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. सूनबाई रात्री उठून बाळाच्या मांड्यांवरच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का ते बॅटरीच्या उजेडात मोजायची. मी ते पाहिले आहे, पण पाहिले असे तिला कधी दाखवले नाही.

डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट साधी होती. बाळाचे पाय सरळ ताणून बांधू नका. बेडकासारखे फाकलेले, गुडघे ढुंगणापेक्षा जरा वर, मांडीला खालून पुरता आधार, अशी बैठक हवी. आपल्याकडे न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका बाळाचे पाय जोडून, ओढून, घट्ट बाळुत्यात बांधतात. पाय फेंगडे होऊ नयेत म्हणून. हेतू चांगला, पण कच्च्या खुब्याला नेमके तेच बाधते. जपानात १९७५ च्या सुमारास लहान बाळांचे पाय सरळ गुंडाळू नका म्हणून देशभर मोहीमच काढली गेली आणि खुबा निखळण्याचे प्रमाण तिथे झपाट्याने उतरले. सौ.ने हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे कडेवरच घ्या म्हणतायत ना? मग एवढं फिरवून कशाला सांगायचं?”

खरे आहे तिचे. कडेवरचे मूल आपोआप तसेच बसते. एक पाय पुढे, एक मागे, मध्ये आईची कंबर. आमच्या स्टेशनाबाहेर पावसाळ्यात शेवळं, कंटोली, टाकळा घेऊन ज्या कातकरी-ठाकर बायका बसतात, त्यांची पोरेही अशीच लुगड्याच्या फडक्यात पाठीला किंवा कमरेला चिकटलेली. पोर जागे झाले की फडके पुढे ओढून पाजायचे, झोपले की मागे सारायचे, आणि या सगळ्यात वाटा मोजण्यात खंड नाही. रानातली भाजी रानातून आणायची, गाडी पकडायची, दिवसभर बसायचे, परत जायचे. त्या बायकांना कोणी विचारले नाही, तुम्ही कोणता कॅरिअर वापरता म्हणून.

पण नुसत्या कडेवर घेऊन लांब चालता येत नाही, हेही तितकेच खरे. दहा मिनिटांत हात भरून येतो, वीस मिनिटांत कंबर, आणि एक हात कायमचा अडकतो तो वेगळाच. मला तर लांब चालायचे होते. कारण नात संध्याकाळी रडायची. सहा वाजले की सुरू, ते आठपर्यंत. पोट दुखते म्हणावे तर दुखत नव्हते, भूक म्हणावी तर नव्हती. घेऊन चालू लागले की गप्प. थांबले की पुन्हा सुरू. सूनबाई रात्रभर जागलेली. तेव्हा संध्याकाळचे दोन तास बाळ मी न्यायचे आणि तिने झोपायचे असा करार झाला. घरातून निघायचे, बाजारातून पुलावर यायचे, जमलेच तर खाडी ओलांडून तलावपाळीपर्यंत जायचे. तास-दीड तासाची चाल.

“फार उचलू नका, अंगाची सवय लागेल,” हे मला वाटेत किमान पाच जणांनी सांगितले असेल. सांगणाऱ्यांत दोन सख्ख्या बहिणी होत्या, म्हणून उत्तर द्यावे लागले. माँट्रिअलच्या दोन संशोधकांनी १९८६ साली एक प्रयोग छापला. काही आयांना बाळ रोज नेहमीपेक्षा तीन तास जास्त अंगावर घ्यायला सांगितले, तेही ते रडत नसताना. सहा आठवड्यांच्या वयाला ही बाळे बाकीच्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी रडली, आणि संध्याकाळच्या वेळी तर निम्म्याहून कमी. म्हणजे सवय लागते ती न रडण्याची लागते. जपानी शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये आणखी एक कामाची गोष्ट दाखवली. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे न थांबता चालायचे, ते झोपले तरी लगेच खाली ठेवायचे नाही, घेऊनच पाच ते आठ मिनिटे बसायचे आणि मग ठेवायचे. हा उपाय आमच्या घरी लागू पडला. सौ.चे म्हणणे असे की हे तिला १९८८ सालीच ठाऊक होते. असेलही. १९८८ साली मी कुठे होतो, हा प्रश्न तिने पुढे विचारला नाही, पण मला ऐकू आला.

कारण १९८८ साली, चिरंजीव लहान असताना, मी त्याला घेऊन कधी रस्त्यावरून चाललो नाही. कारखान्यातून यायचे, चहा घ्यायचा आणि कट्ट्यावर जायचे. मूल कडेवर घेतलेला पुरुष कट्ट्यावर दिसला असता तर आठवडाभर पुरेल एवढी करमणूक झाली असती. घरात घ्यायचो, दार लावून. बाहेर निघालो की मूल तिच्या कडेवर आणि माझ्या हातात पिशवी; कधी कधी तीसुद्धा तिच्याच हातात. डोंगरावरच्या मुंब्रादेवीला आम्ही गेलो तेव्हा एवढ्या पायऱ्या ती मुलाला घेऊन चढली आणि मी वर पोचून तिची वाट बघत बसलो. याबद्दल तिने मला कधी काही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते.

गंमत अशी की आपल्या परंपरेत मुले वाहणारे पुरुष काही कमी नाहीत. भर पावसात, दुथडी भरलेल्या नदीतून तान्हे पोर डोक्यावर घेऊन गेला तो वसुदेव; देवकी नव्हे. पंढरीच्या विठोबाला जनाबाईने लेकुरवाळा करून टाकला आणि खांद्या-कडेवर सगळे संत बसवले. वारीला जाणाऱ्या आपल्या बाप्यांना त्या चित्रात काही खटकत नाही. खटकते ते स्वतः बाळाला दुपट्यात बांधून नाक्यावर दूध आणायला जायला. उलट पाठीवर मूल बांधलेली बाई म्हटली की आपल्याला झाशीची राणी आठवते. तो पुतळा, ते कॅलेंडरवरचे चित्र. वस्तुतः दामोदरराव दत्तक घेतला तेव्हाच, १८५३ मध्ये, पाचेक वर्षांचा होता. १८५८ मध्ये किल्ल्यातून निघताना तो नऊ-दहा वर्षांचा घोडा झालेला असणार. चित्रकारांनी त्याला तान्हे करून टाकले. आपल्याला बाईच्या पाठीवर तान्हेच बघायला आवडते, तलवार हातात असली तरी.

असो. मुद्दा निवडीचा होता.

मी आणि चिरंजीव एका रविवारी ठाण्यात राममारुती रोडला गेलो. दुकानदाराने चार प्रकार काढले. पहिला स्वस्तातला. त्यात बाळाला पुढे टांगायचे, तोंड रस्त्याकडे, दोन्ही पाय खाली लोंबकळत, आणि सगळा भार मांड्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. “सगळे हाच नेतात,” दुकानदार म्हणाला. आम्ही खुब्याचे सांगितले, तेव्हा त्याने तो मुकाट्याने खाली ठेवला आणि दुसरा काढला. हा रुंद बैठकीचा, एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापड पुरेल असा, कमरेला जाड पट्टा. किंमत अडीच हजारांच्या वर. तिसऱ्यात बाळासाठी कमरेवर एक कठीण ओटाच होता. आणि चौथी होती खांद्यावरून तिरकी सोडायची झोळी. मला ती आवडली, कारण ती आपली वाटली. आणि पाचवा प्रकार, नुसते लांबलचक कापड, त्याच्याकडे नव्हता.

या वस्तूंची कुळकथा मोठी मजेदार आहे. साठच्या दशकात अमेरिकेतली एक नर्स आफ्रिकेत टोगो देशात काम करायला गेली. तिथल्या बायका पाठीला पोर बांधून कामे करतात आणि ती पोरे रडत नाहीत, हे तिने पाहिले. परत गेल्यावर स्वतःच्या मुलीला तसे बांधू लागली, जमेना, तेव्हा आईकडून पट्ट्यांची पिशवी शिवून घेतली. १९६९ साली तिचे पेटंट निघाले. जर्मनीत १९७२ मध्ये एका जुळ्यांच्या आईने मेक्सिकोहून आलेल्या शालीत पोरे बांधली आणि त्यातून कापडाचा कारखानाच उभा राहिला. स्वीडनमधून १९७३ साली पुढे बांधायची पिशवी आली. म्हणजे आमच्या स्टेशनाबाहेरच्या कातकरणीसारख्याच दूरदेशीच्या बायकांचे फडके समुद्रापलीकडे गेले, त्याला बकले लागली, खोके मिळाले, आणि ते अडीच हजारांना राममारुती रोडवर परत आले. दुकानदाराला मी हे ऐकवले. तो म्हणाला, “काका, बिल करू का?”

चिरंजीवांनी रुंद बैठकीचा घेतला, स्वतःसाठी. त्याची उंची आणि माझी यात वीतभर फरक. एकाचे पट्टे दुसऱ्यासाठी रोज घट्ट-सैल करायचे, बकल पाठीमागे हात नेऊन लावायचे, हे माझ्या खांद्याच्या दुखण्याला झेपणारे नव्हते. मी म्हटले, मला नको, माझे मी बघतो. आणि इथे चुकलो.

आता जे लिहितो आहे ते घरात कोणाला ठाऊक नाही. ते त्यांना आज, तुमच्याबरोबरच, कळेल.

मी एक जुनी सोलापुरी चादर घेतली, तिरकी खांद्यावरून सोडली, खांद्यावर गाठ मारली आणि झोळीत नातीला आडवे ठेवले. ती साडेतीन महिन्यांची होती. छान मावली. झोपलीही लगेच. घरून निघालो, बाजारातून पुलावर आलो. मावळतीचे ऊन समोरून येत होते म्हणून चादरीचा काठ तिच्या तोंडावर ओढला. वाहनांचा गोंगाट एवढा की स्वतःचा विचार ऐकू येऊ नये. पुलाच्या मध्यावर समोरून एक बाई आली, डोक्यावर रिकामी पाटी. ती मला ओलांडून गेली, थांबली, परत आली आणि काही न विचारता तिने चादरीचा काठ वर केला. म्हणाली, “बाबा, पोरीची मान बघा.”

नात झोळीच्या तळाशी घसरली होती. अंगाचे धनुष्य झालेले, हनुवटी छातीत रुतलेली, नाक कापडाला. ओठ काळपट वाटले मला. उजेडाचा खेळ असेल, नसेल. त्या बाईने तिला बाहेर काढून उभी खांद्याशी धरली. दोन-तीन क्षण गेले. मग नात रडली. इतक्या दिवसांत तिचे रडणे मला एवढे गोड कधी लागले नव्हते. बाईने पाटी माझ्या हातात दिली, चादर सोडली, नातीला माझ्या छातीशी उभे धरायला लावले, तिचे गुडघे वर केले आणि चादर दोन्ही खांद्यांवरून फिरवून माझ्या पाठीमागे अशी आवळली की मला श्वास घ्यायला जरा त्रास व्हावा. “ढिली ठेवायची न्हाई,” म्हणाली, “आन् त्वांड झाकायचं न्हाई.” पाटी घेऊन ती निघून गेली. मी तिचे नाव विचारले नाही. आभारही मानले की नाही, आठवत नाही.

घरी येऊन मी वाचायला बसलो, जे आधी करायला हवे होते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० च्या मार्चमध्ये अशाच झोळ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. वीस वर्षांत किमान चौदा बाळे त्यांत दगावल्याचे नोंदले गेले होते, आणि त्यांतली बारा चार महिन्यांच्या आतली. कारण तेच. तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही, हनुवटी छातीवर टेकली की श्वासनळी मुडपते, आणि बाळ ओरडूही शकत नाही. गुपचूप होते. आपल्याला वाटते, झोपले.

इंग्लंडात यासाठी पाच खुणा शिकवतात. त्या मला पुलावर त्या बाईने दोन वाक्यांत शिकवल्या होत्या. कापड घट्ट हवे, बाळाचे तोंड सतत आपल्या नजरेत हवे, मान खाली घातली तर त्याच्या टाळूचा मुका घेता यावा इतके ते वर हवे, हनुवटी आणि छातीच्या मध्ये बोट जाईल एवढी जागा हवी आणि पाठीला आधार हवा. दुकानात काहीही घ्या, महाग घ्या, स्वस्त घ्या, की आजीच्या पेटीतले काढा. या पाचांत बसत नसेल तर ते खाली ठेवा. माझे म्हणणे एवढेच आहे, आणि खुब्याची बैठक हे सहावे. बाळ अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज यातले काहीच करू नये. अशा बाळांसाठी तर छातीशी धरण्याची एक वेगळी रीतच आहे, १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झालेली. काचपेट्या कमी पडत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आयांच्या छातीशी बाळे ठेवली. भारतासह पाच देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. जन्मल्याबरोबर असे त्वचेला त्वचा लावून ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. पण ते रुग्णालयातले काम, शिकवून घेऊन करायचे. संध्याकाळच्या फेरफटक्याचे नव्हे.

चादर बाद झाली हे मी घरी नुसते ‘जमत नाही’ म्हणून सांगितले. सौ.ने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तिने लोखंडी पेटी उघडली. आधी माझ्या आईचे लुगडे निघाले. उजेडात धरले तर मधोमध विरलेले. ते तिने पुन्हा घडी करून ठेवले. मग तिच्या आईने आमच्या लग्नात दिलेले सुती नऊवारी निघाले, हिरव्या काठाचे, घडीही न मोडलेले. ते तिने कधी नेसले नाही, कारण लग्नानंतर ती पाचवारीच नेसली. कात्री घेऊन बसली. मी म्हटले, अगं, कापू नको, आईची आठवण आहे. ती म्हणाली, “आठवण पेटीत ठेवून काय तिला पाय फुटणारेत?” पाच वार बांधायला निघाले आणि उरलेल्या चार वारांची दुपटी झाली.

ते कापड मी गेले आठ महिने वापरतो आहे, आणि आता जरा अधिकाराने बोलू शकतो. आपल्या हवेला सुती कापडच हवे. विलायती पट्ट्यांत आत स्पंज असतो. कळव्याच्या एप्रिलमध्ये त्यात बाळ आणि आजोबा दोघेही उकडून निघतात. तसेही मे महिन्यात दहानंतर बाळाला असे बांधून नेऊच नये, दोन अंगांची ऊब एकत्र होते. पावसात उलट. सुती कापड भिजले की जड होते, ताणते आणि गाठ सरकते. तेव्हा बकलाचेच बरे, म्हणून त्या दिवसांत चिरंजीवाचे काम. गाठ दुहेरी मारायची आणि निघण्याआधी आरशासमोर उभे राहायचे. सहा महिन्यांची होऊन मान आणि बैठक पक्की झाल्यावरच पाठीवर. तोवर पुढे, तोंड आपल्याकडे. आणि हे बांधून स्कूटरवर बसू नये. आमच्या इमारतीतच दोघे बसतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी दुचाकीवर वेगळा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागते, वेग ताशी चाळीसच्या आत, असा नियम केंद्राने २०२२ मध्ये काढला आहे. कॅरिअर म्हणजे तो पट्टा नव्हे.

कोणी म्हणेल, एवढे चालायचेच कशाला? रिक्षा आहेत. आहेत ना. पण आपल्या या पट्ट्यात, ठाण्यापासून कल्याण-बदलापूरपर्यंत, बाळ घेऊन चालणे हा हौसेचा भाग नेहमीच नसतो. केव्हा चालावे लागेल ते गाडी ठरवते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी भांडुपच्या अलीकडे अडकलो होतो. रात्र डब्यात काढली आणि सकाळी रुळांवरून चालू लागलो. एका ठिकाणी पाणी कमरेइतके होते आणि वस्तीतल्या पोरांनी दोर बांधला होता. माझ्या पुढे मुंब्र्याचा एक गृहस्थ होता. त्याने बायकोच्या ओढणीने वर्षभराचे पोर पाठीला बांधले होते, चांगले आवळून. त्याचा एक हात दोरावर होता, आणि माझा पाय घसरला तेव्हा दुसरा हात त्याने मला दिला. त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटले नाही. हात मोकळा होता म्हणून दिला, एवढेच.

आणि १९ जुलै २०२३. तो बुधवार या भागात कोणी विसरलेले नाही. मुसळधार पाऊस, ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये लोकल बराच वेळ उभी, लोक उतरून रुळांच्या कडेने चालू लागले. त्यांत मुंबईहून बाळाचे औषधपाणी करून परतणारे एक कुटुंब होते. नाल्यावरून जाताना ते काही महिन्यांचे बाळ घरच्याच माणसाच्या हातातून निसटले आणि वाहत्या पाण्यात पडले. त्या आईचा आक्रोश मोबाईलवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. पाहायला नको होता. मी तो एकदा पाहिला आणि पुन्हा पाहू शकलो नाही.

ज्याच्या हातून बाळ निसटले त्याला मी दोष देणार नाही. देणारे पुष्कळ निघाले तेव्हा. चादरीच्या झोळीत मी काय करून बसलो होतो ते मला ठाऊक आहे, आणि मी तर कोरड्या पुलावर होतो. पावसात, निसरड्यावर, एका हाताने कशाला तरी धरायचे आणि एका हाताने पोर, यात कोणाचाही हात कमी पडेल. कापड असते तर काय झाले असते, हे कोण सांगणार? मी त्या घरच्यांना हे कधी म्हणणार नाही. पण तान्हे घेऊन लोकलने निघणाऱ्या माझ्या माणसांना मात्र म्हणतो, आणि इथेही म्हणतो: पिशवीत दुधाची बाटली ठेवता, दुपटे ठेवता, तसे पाच वार कापड ठेवा, आणि ते बांधायला घरी, गादीवर बसून, दहा वेळा शिका. बाईनेही आणि बाप्यानेही. लसीच्या दिवशी, डॉक्टरांकडे न्यायच्या दिवशी, पावसाच्या दिवशी ते लागेल. गाडी थांबली आणि उतरायची वेळ आलीच तर आधी बाळ बांधायचे, मग पाय खाली ठेवायचा.

पदपथांचेही बोलायला हवे. पण ते मी पंचवीस वर्षे बोलतो आहे आणि त्या अर्जांच्या प्रतींचा गठ्ठा बाबागाडीच्या जाळीच्या पिशवीत ठेवला आहे.

बारा आठवड्यांची सोनोग्राफी चांगली आली, हे सांगायचे राहिलेच. खुबा भरला. सूनबाई डॉक्टरांच्या दारातच रडली आणि चिरंजीवांनी बाळ तिच्याकडून घेऊन पट्ट्यात घातले आणि स्टेशनापर्यंत तसेच आणले. वाटेत त्याच्या वर्गातला एक मित्र भेटला. दोघे बोलत उभे राहिले. मी बाजूला उभा होतो. मित्राने हसून काही थट्टा केली नाही. पट्टा कुठून घेतला, एवढे विचारले.

नात आता अकरा महिन्यांची आहे. नऊ किलो भरते. माझे वय सदुसष्ट, तेव्हा तलावपाळी आता जमत नाही, पुलापर्यंतच जातो. संध्याकाळी सौ. मला दारात उभे करते, नातीला पाठीवर बसवते, हिरवा काठ दोन्ही खांद्यांवरून ओढते, तिच्या मांड्यांखालून फिरवते आणि पोटावर दुहेरी गाठ मारते. मग गाठ ओढून बघते. मी म्हणतो, अगं, श्वास घेता येत नाही. ती म्हणते, येतोय तेवढा पुरे. पुलावर पाटीवाल्या बाया येतात-जातात. मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघतो. ती अजून भेटलेली नाही.